कुरकुरीला तिकीट नाही

आमच्या घरात देवाचे आभार मानायलासुद्धा कंडक्टर लागायचा, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मला त्याचा अभिमान आहे, आणि कोणी हसल्यानं माझा अभिमान कमी होत नाही. स्वभावच तसा आहे माझा. आई म्हणते, "नाकावर माशी बसू देत नाई ही पोट्टी." पन्नाशीला टेकले तरी मी तिच्यासाठी पोट्टीच.

बाबा एसटीत कंडक्टर होते. वर्धा, आर्वी, तळेगाव हीच त्यांची उभ्या हयातीची वाट. आवाज असा की स्टँडच्या एका टोकाला त्यांनी "आर्वीऽऽ आर्वी" म्हटलं की दुसऱ्या टोकाला चहा पिणारा माणूस कप खाली ठेवून पळत सुटायचा. आजही आर्वी रोडला कोणी म्हातारं माणूस भेटलं आणि मी कोणाची मुलगी ते कळलं, तर म्हणतं, "हाऽ, ते ख्रिस्ती कंडक्टर! सुट्ट्यासाठी कधी तोंड नाई वाकडं केलं बाप्पा त्यायनं." हे ऐकलं की माझी मान आपोआप ताठ होते.

वर्ध्याला लागून पिपरी मेघेत आमचं छोटं घर. रोज दिवेलागणीनंतर, जेवणाच्या आधी, घरची प्रार्थना. ताटं वाढलेली, वरणावर तूप पडलेलं, पण हात लावायचा नाही. आधी एक गीत, मग पवित्र शास्त्रातला उतारा, मग उपकार. गोलात बसलेल्या प्रत्येकानं देवाचा एक उपकार मोठ्यानं सांगायचा. बाबा, आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. ख्रिस्ती घरांत आभाराची प्रार्थना काही नवी गोष्ट नाही. पण आमच्याकडे तिला नियम होते, आणि नियम बाबांचे होते.

पहिला नियम, उपकार आजचा पाहिजे. भाऊ लहानपणी महाआळशी. रोज तेच: "देवा, आईबाबा दिले म्हणून धन्यवाद." दोन दिवस बाबांनी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे तिकीट कालचं हाय. आजचं काढ." मग तो डोकं खाजवत बसायचा आणि आमच्या पोळ्या गार व्हायच्या.

दुसरा नियम जास्त कडक. उपकारात कुरकुर चढवायची नाही. मी एकदा म्हटलं, "देवा, आज शाळेच्या सहलीत खिचडी मिळाली म्हणून धन्यवाद, जरी तिच्यात मीठ नव्हतं आणि—"

टण्!

बाबांनी चमचा स्टीलच्या ग्लासावर मारला. सिंगल बेल. एसटीत दोरी एकदा ओढली की गाडी थांबते, दोनदा ओढली की निघते. हे आम्हा दोघांना बाराखडीच्या आधी येत होतं.

"उतरव तिले," बाबा म्हणाले.

"कोणाला?"

"त्या कुरकुरीले. बिनतिकीट चढली ना."

मी वाद घातला. घालणारच. म्हटलं, मग मीठ नव्हतं हे सांगायचं कुठं? बाबा शांतपणे म्हणाले, "मास्तरले सांग. आईले सांग. देवाले बी सांग, पन त्याची गाडी अलग हाय. मागण्याची प्रार्थना मागून सुटते, तिच्यात बसव. ह्या गाडीत नाई." मग मी पहिल्यापासून सुरू केलं. खिचडी मिळाली म्हणून धन्यवाद, आमेन. टण् टण्. डबल बेल. गाडी पुढच्याकडे गेली.

शेजारच्या काकू एकदा आईला विचारत होत्या, "तुमच्या घरी जेवायच्या आधी घंटी काऊन वाजते हो? आरती करता का?" आई म्हणाली, "नाई. तिकीट चेकिंग."

असा आमचा धर्म. मोठी माणसं मोठमोठी प्रवचनं देतात, मी ऐकलीही आहेत. पण आभार कसे मानावेत हे मी एका कंडक्टरकडून शिकले आणि त्यापेक्षा चांगलं मला अजून कोणी शिकवलेलं नाही.

बाबा रिटायर झाले त्या दिवशी आईनं घरी उपकारस्तुतीची सभा ठेवली. इतकी वर्षं रस्त्यावर काढली, कधी अपघात नाही, गाडीतल्या एकाही माणसाला इजा नाही, त्याचे देवाला आभार. चर्चच्या मंडळीतली कुटुंबं आली, पाळक म्हणजे आमचे पाद्री आले, पेटी-ढोलकीवर भजनं झाली, पाटवडीचा रस्सा झाला. बाबांबरोबर सगळ्यात जास्त गाडी चालवलेले ड्रायव्हर काका आले. ते गणपती बसवणारे, हनुमानाचा शनिवार करणारे. पण म्हणाले, "बेल यानं दिली, ब्रेक म्या मारला. उपकार याचा एकट्याचा कसा? अर्धा माहा हाय." तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला सभा आणि दरवर्षी ड्रायव्हर काका मागच्या भिंतीला टेकून बसलेले.

मग मागच्या वर्षी, पावसाळा संपता संपता, बाबा सकाळी दाढी करत होते आणि त्यांच्या हातातून वस्तरा पडला. मी आतून ओरडले, "काय पाडलं?" उत्तर आलं नाही. बाहेर येऊन पाहते तर अर्ध्या गालाला फेस, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि ते आरशाकडे बघत होते.

सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी, सिस्टरांनी जिवाचं रान केलं, खोटं कशाला बोलू. जीव वाचला. पण उजवा हात, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. एक शब्द नाही. ज्या माणसाच्या आवाजावर अख्खा स्टँड हलायचा त्याच्या घशातून नुसती हवा निघत होती. मी डॉक्टरांना विचारलं, "यांना समजतं का?" ते म्हणाले, "किती समजतं ते आत्ताच सांगता येणार नाही. वेळ द्या. तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा."

बोलत राहिले. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी विचारलं, "बाबा, चहा पाहिजे?" त्यांनी मान हलवली, हो. मला इतका आनंद झाला म्हणता! मग सहज, खात्री म्हणून विचारलं, "चहा नको ना?" त्यांनी तशीच मान हलवली, हो. म्हटलं, "बाबा, मी कोण? शेजारच्या काकू का?" हो.

मी स्वयंपाकघरात गेले आणि मिक्सर लावून रडले. मिक्सरमध्ये काही नव्हतं.

मला एवढंच पाहिजे होतं. चालले नाहीत तरी चालेल, बोलले नाहीत तरी चालेल, पण आत बाबा आहेत की नाहीत, ते कोणीतरी मला सांगावं. जिवंत माणसासमोर बसून तो आहे की गेला हे न कळणं, हे दुःख मी माझ्या वैऱ्यालाही देणार नाही.

आणि आई? आईनं त्याच संध्याकाळी पलंगाजवळ चटई टाकली, पुण्यात राहणाऱ्या भावाला फोनवरूनच गोलात बसवलं आणि प्रार्थना सुरू केली. गीत झालं, उतारा झाला. मग म्हणाली, "चला, उपकार." नेहमीसारखी पहिली पाळी बाबांची. आई थांबली. आम्ही थांबलो. बाबा छताकडे बघत होते. पंखा फिरत होता. बाहेर कोणाचीतरी स्कूटर सुरू होत नव्हती, तो किक मारत होता, मारत होता. मला वाटलं आता मी किंचाळेन. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "आमेन," आणि आपला उपकार सांगू लागली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी फाटकन बोलले, "आई, पुरे कर ना. त्यांची पाळी सोडून दे. त्यांना काही कळत नाही, काऊन त्यांचे हाल करतेस?"

आईनं चष्मा काढला. ती चष्मा काढते तेव्हा समजायचं की आता काही खरं नाही. "कळत नाई, हे तुले कोनं सांगितलं? डॉक्टरनं तर नाई सांगितलं."

"मला दिसतं ना!"

"तुले दिसते ते तू पाह्य. ती सीट त्यायची हाय. गाडी रिकामी गेली तरी चालन, पन त्या सीटवर दुसरं कोनी बसन नाई."

मी गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून लक्षात आहे.

आईचे त्या दिवसांतले उपकार ऐकायला पाहिजे होते तुम्ही. "देवा, आज त्यायनं पेज गिळली, ठसका नाई लागला, तुझे उपकार." "आज चादर एकदाच बदलावी लागली, तुझे उपकार." "आज उजव्या पायाचा अंगठा गरम लागला हाताले." रोज नवा, रोज ताजा, एकही शिळा नाही. मी तिच्यावर चिडायचे आणि मनातल्या मनात तिला सलाम करायचे, दोन्ही एकदम. एकदा मात्र राहवलं नाही. विचारलं, "म्हणजे लकव्याचे आभार मानायचे का आता?"

"लकव्याचे कायले मानू? लकवा तो लकवाच. जळो मेला," आई म्हणाली. "पेज गिळली त्याचे मानते. ती बी देवानं दिली ना? का ती लकव्यानं दिली?"

माझे उपकार कसे असायचे? "देवा, आज व्यायाम शिकवणारा मुलगा वेळेवर आला म्हणून धन्यवाद, तरी बोट काही हललं नाही." "देवा, आज रजा मिळाली म्हणून धन्यवाद, पण आता रजाच संपली." प्रत्येक उपकाराच्या पायरीवर एक कुरकुर लोंबकळत असायची. आई कधी थांबवायची नाही. बेल देणं तिचं काम नव्हतं. भाऊ एकदा फोनवरून म्हणाला, "ताई, तू रोज बिनतिकीट चढवून राह्यली." मी त्याला म्हटलं, तू पुण्यात बसून चेकिंग करू नको.

खरं सांगू? मी मुद्दाम चढवत होते. रोज. वाटायचं, आज तरी कुठूनतरी टण् येईल. आज तरी त्यांना राहवणार नाही. मी वाक्य अर्ध्यावर आणून जरा थांबायचे, त्यांच्याकडे बघायचे. ते छताकडे बघत असायचे. आणि वाजवणार तरी कशावर? पलंगाजवळ ना ग्लास होता ना चमचा. नुसतं पाणी त्यांना ठसका लावायचं, म्हणून दवाखान्यात सांगितलेला मऊ चोचीचा प्लास्टिकचा कप आणि मऊ रबराचा चमचा, तोही आईच्या हातात. पण माणसाला आवाज करायचा असेल तर तो पलंगाची लोखंडी कडही वाजवेल, असं मी स्वतःला सांगायचे, आणि बाबा तीही वाजवत नव्हते. रोज थोडी थोडी आशा सोडत होते मी.

आत्या तळेगावहून आली. बाबांची थोरली बहीण. पिशवीभर संत्री घेऊन आली, पलंगाजवळ बसली, संत्रं सोलता सोलता बाबांच्या डोक्यावरून आईशी बोलू लागली. "आता काय राह्यलं वं याच्यात. देवानं लवकर सोडवावं याले, अन् तुले बी." आणि बाबांनी मान हलवली, हो.

माझं डोकं सणकलं. म्हटलं, "आत्या, तुझी परतीची गाडी किती वाजता आहे?"

आई मला डोळ्यांनी दटावत होती, पण तिच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, मी पाहिलं. तिनं विषय बदलला. म्हणाली, "बाई, पुढच्या महिन्यात येजो मात्र. उपकारस्तुती हाय ना."

आत्याच्या हातातली फोड तशीच राहिली. "या साली? या साली कायची उपकारस्तुती? लोकं काय म्हणतीन?"

"म्हणतीन, पाटवडी चांगली झाली," आई म्हणाली.

आत्या गेल्यावर मात्र मीच आईला धरलं. म्हटलं, लोक आभार मानायला नाही, बघायला येतील. बाबांचं ओघळणारं तोंड पुसताना बघतील आणि घरी जाऊन सांगतील. मला नाही आवडणार. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुह्या बापानं इतकी वर्षं माणसं सुखरूप घरी पोचवली. कोणाची लेकरं, कोणाच्या म्हाताऱ्या. एकाले इजा नाई झाली. ते त्याच्यासाठी आभार होते ना? मंग लकवा आला म्हणून ती माणसं पोचली नाई का? पोचली ते पोचली. त्याचे आभार मी मानीन. तुले यायचं तर ये."

मी सतरंज्या आणायला गेले. दुसरं काय करणार होते?

सभेच्या दिवशी संध्याकाळी आईनं बाबांना स्वतः तयार केलं. दाढी गुळगुळीत, पांढरा शर्ट, केसांना तेल. उशा लावून त्यांना हाताच्या खुर्चीत बसवलं, समोर स्टूल ठेवलं. आणि स्टुलावर आणून ठेवला तो त्यांचा जुना स्टीलचा ग्लास. त्यात ठसका लागू नये म्हणून पावडर घालून जरा घट्ट केलेलं पाणी आणि एक साधा स्टीलचा चमचा.

मी म्हटलं, "आई, तो चोचीचा कप आण ना. हे सांडेल."

"सांडू दे. चार लोकांसमोर लेकराच्या कपानं नाई पाजणार मी त्यायले," आई म्हणाली. माझा स्वभाव कोणावर गेला हे वेगळं सांगायला नको.

घर भरलं. मंडळीतले सगळे आले, गल्लीतले आले, शेजारच्या काकू वडे तळून घेऊन आल्या. आत्या आली, संत्र्यांसकट. ड्रायव्हर काका आले, बाबांचा डावा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभे राहिले आणि नाक ओढत मागच्या भिंतीला जाऊन बसले. भावाला फोनवर, लोणच्याच्या बरणीला टेकवून टेबलावर ठेवलं. भजनं झाली. ढोलकी अशी वाजली की खिडकीची काच थरथरत होती. मग पाळक साहेबांनी थोडक्यात वचन सांगितलं आणि आमच्या घराच्या रीतीप्रमाणे पाळी सुरू झाली. एकेकानं एकेक उपकार. कोणाच्या मुलीला नोकरी, कोणाचा मोतीबिंदू. ड्रायव्हर काका म्हणाले, "देवा, आज बी याच्या शेजारी बसलो. बस." आणि पाळी फिरत फिरत घरच्या माणसांवर आली. पहिली बाबांची.

पाळक साहेब तरुण, नवीनच आलेले, मनानं फार चांगले. बाबा बोलू शकत नाहीत म्हणून ते उठले, बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून म्हणाले, "प्रभू, तुझ्या या सेवकाच्या वतीनं मी—"

"साहेब," आई म्हणाली. हळू, पण सगळ्या खोलीला ऐकू गेलं. "माफ करा. ही त्यायची पाळी हाये."

पाळक साहेबांनी हात काढला आणि खाली बसले. आई थांबली. सगळं घर थांबलं. एवढी माणसं, आणि कोणी खाकरलंही नाही. दूर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. आत्यानं डोळ्याला पदर लावला. बाबा समोरच्या ग्लासाकडे बघत होते, की कुठंच बघत नव्हते, कोण जाणे. मी मनात म्हणत होते, काहीतरी करा बाबा, हुंकार द्या, शिवी द्या, काहीही. काही झालं नाही. आईनं पूर्ण वेळ दिला. मग म्हणाली, "आमेन." कोणाच्या तरी रडण्याचा आवाज आला. आईनं आपला उपकार सांगितला: इतकी माणसं सुखरूप पोचली, देवा, तुझे उपकार. एका श्वासात, ताठ मानेनं. आणि पाळी माझ्याकडे आली.

मी उभी राहिले. आत इतका राग साठला होता. आत्यावर, रडणाऱ्यांवर, आईच्या त्या न संपणाऱ्या धीरावर, देवावर तर होताच. मी म्हटलं, "देवा, आज घर भरलं, त्याबद्दल मी तुझे उपकार मानते. तरी ज्याच्यासाठी घर भरलं, त्यालाच यातलं काही कळलं नाही, हे मात्र—"

टण्.

मला वाटलं कानात वाजलं. मागच्या भिंतीजवळ काहीतरी धपकन झालं. ड्रायव्हर काकांचा उजवा पाय सतरंजीवर जोरात आपटला होता. त्यांनी ब्रेक दाबला होता. रिटायर होऊन किती वर्षं झाली, तरी पाय विसरला नव्हता. ते ओरडले, "बेल! बेल दिली त्यानं! सिंगल!"

मी बाबांकडे पाहिलं. चमचा त्यांच्या डाव्या हातात होता, वाकडातिकडा, मुठीत धरलेला. ग्लास कलला होता, पाणी स्टुलावरून शर्टावर सांडत होतं. आणि ते छताकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. भुवई वर करून, तिकीट नसलेल्या माणसाकडे बघायचे ना, अगदी तसं.

कोणाला काही कळेना. पाळक साहेब एकदा माझ्याकडे, एकदा ग्लासाकडे बघत होते. लोणच्याच्या बरणीजवळून भावाचा आवाज आला, रडका, चिरकलेला: "ताई, उतरव तिले."

मी उतरवली. देवाशपथ, आयुष्यात पहिल्यांदा मी वाद न घालता कुरकुर उतरवली. तिला आता बसायला जागाही नव्हती. मी गळा साफ केला, पहिल्यापासून सुरू केलं, कारण नियम तो नियम. "देवा, आज घर भरलं. आणि बाबांनी मला थांबवलं. त्याबद्दल मी तुझे उपकार मानते. आमेन."

आणि उभी राहिले. बेल मिळाल्याशिवाय पाळी सुटत नाही.

बाबांची मूठ हलली. चमचा ग्लासाच्या कडेवरून घसरला. आईचा हात मदतीला पुढे गेला आणि तिनं तो मागे घेतला, पदरात धरून ठेवला. बाबांनी पुन्हा उचलला.

टण्.

"एक झाली," ड्रायव्हर काका कुजबुजले. एक म्हणजे अजून गाडी उभीच. कोणी हललं नाही. ज्यांना बेलमधलं काही कळत नव्हतं तेही श्वास रोखून त्या चमच्याकडे बघत होते. बाबांचा हात हळूहळू वर गेला, कपाळावर घाम आला, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली आणि मी ती पुसायला गेले नाही. बघू देत लोकांना. हे माझे बाबा आहेत.

टण्.

"चला," ड्रायव्हर काका म्हणाले.